पापळचे भाऊसाहेब

श्रोतेहो, नमस्कार.

डिसेंबर सरत आला की आमच्याकडे वावरात वेचणीची घाई असते. पांढराशुभ्र कापूस ओसरीवर येऊन पडतो, घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. याच दिवसांत, २७ तारखेला, वऱ्हाडातल्या कितीतरी शाळांमध्ये एका फोटोला हार घालतात. डॉ. पंजाबराव उर्फ भाऊसाहेब देशमुख. लहानपणी त्या फोटोसमोर हात जोडून मी नुसता उभा राहायचो. त्यांचं आपल्यावर काय ऋण आहे, हे मला फार उशिरा उमगलं.

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं पापळ हे त्यांचं गाव. १८९८ सालचा जन्म, घर शेतकऱ्याचं. शिकायचं तर गाव सोडणं आलंच. चांदूर रेल्वे, कारंजा, मग अमरावती, पुढे पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. १९२० साली ते विलायतेला निघाले, आणि त्यासाठी वडिलांनी, शामरावांनी, शेती गहाण टाकली. श्रोतेहो, गहाण हा शब्द आपल्याकडे कोणी हसत उच्चारत नाही. वावर गहाण पडलं की माणसाची झोप उडते. शामरावांनी ते मुलाच्या शिक्षणासाठी केलं. मुलानेही ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवली, बॅरिस्टर झाला आणि १९२६ साली अमरावतीला परत आला.

मोठ्या शहरात वकिली करून त्यांना सुखाने राहता आलं असतं. त्यांनी १९२७ साली अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं. सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहतील, एका पंगतीत जेवतील, असं वसतिगृह. त्याच वर्षी त्यांनी स्वतः आंतरजातीय विवाह केला. पत्नी विमलाबाईही पुढे राज्यसभेवर गेल्या.

१९२८ साली भाऊसाहेब अमरावतीच्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलचे अध्यक्ष झाले. आजच्या भाषेत जिल्हा परिषद म्हणा. त्यांच्या कारकिर्दीतलं हे पद मला सगळ्यांत मोठं वाटतं, दिल्लीतल्या पदाहूनही. कारण तिथे त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या. माझी आजी तिच्या माहेरच्या विहिरीची आठवण सांगायची. उन्हातान्हात बाया रिकामा घडा घेऊन लांब उभ्या राहायच्या. काठावर आलेल्या बाईला दया आली, तर ती वरून पाणी ओतायची. नाही आली, तर बसा वाट पाहत. हे सांगताना आजीचा आवाज खाली यायचा, कारण काठावर उभं राहणाऱ्यांपैकी ती एक होती. अशा गावांमध्ये निवडून आलेल्या अध्यक्षाने विहीर सगळ्यांची आहे असं ठरवणं, म्हणजे आपल्याच मतदारांचा रोष ओढवून घेणं होतं. अंबादेवीच्या मंदिर प्रवेशाच्या चळवळीतही ते पुढे होते.

१९३० साली ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सरकारात मंत्री झाले. जगभर मंदी आलेली, कापसाचे भाव कोसळलेले, सावकाराचं व्याज मात्र चालूच. त्या काळात कर्ज लवाद कायदा आला. धनको आणि ऋणको यांना मंडळासमोर बसवायचं, रक्कम तडजोडीने कमी करून घ्यायची, हप्ते बांधून द्यायचे. ज्याच्या बापाचं वावर गहाण पडलं होतं, त्या माणसाला या कायद्याची गरज कोणी समजावून सांगायला नको होती.

पुढे १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. तिच्या शाळा-कॉलेजांची आणि वसतिगृहांची नावं सांगत बसलो तर माझी वेळ संपेल. एवढंच सांगतो, मीही अशाच एका वसतिगृहात राहिलो. बाबांनी बंडीत माझी पत्र्याची पेटी ठेवली, वळकटी ठेवली आणि सोबत ज्वारीचा एक कट्टा. पहिल्या रात्री रडू आलं. शेजारच्या खाटेवरचा पोरगा उठून बसला, म्हणाला, “कायले रडतं बे? सकाई वरण-भाकर भेटते इथं.” त्याच्या घरी वावर नव्हतं, आई-बाप दोघंही मजुरीला जायचे. आज तो निवृत्त हेडमास्तर आहे.

घटना समितीत भाऊसाहेब होते. नंतर १९५२, १९५७ आणि १९६२ अशा तीन निवडणुकांत अमरावतीकरांनी त्यांना लोकसभेवर पाठवलं. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं पंडित नेहरूंच्या सरकारात ते शेतीचा कारभार पाहत होते. भातशेतीच्या जपानी पद्धतीचा त्यांनी देशभर प्रसार केला. व्यापाऱ्यांच्या संघटना असतात, कारखानदारांच्या असतात, मग शेतकऱ्याची का नसावी, म्हणून १९५५ साली भारत कृषक समाज स्थापन केला. डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर आले होते. पण मला त्या पाहुण्यांपेक्षा गावोगावचे शेतकरी डोळ्यांसमोर येतात. आपल्या धुऱ्यापलीकडची शेती त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिली असेल.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत भाऊसाहेब गेले. चार वर्षांनी अकोल्याला कृषी विद्यापीठ झालं, त्याला त्यांचंच नाव आहे.

तिथे शिवार फेरी असते. विद्यापीठाचे प्रयोगाचे प्लॉट शेतकऱ्यांसाठी खुले करतात. मागे मी गेलो होतो. कपाशीच्या एका ओळीपाशी धोतर नेसलेले एक म्हातारे आजोबा खाली वाकले होते. एका झाडाची बोंडं ते बोटाने मोजत होते, एक-एक करून. शास्त्रज्ञ पोरगा वही बंद करून शेजारी थांबला होता. आजोबांचं मोजून झालं, त्यांनी मान वर केली आणि विचारलं, “पाणी किती वेळा देल्लं याले?”

पोराने वही पुन्हा उघडली आणि तो त्यांच्या शेजारी मातीत बसला.