शवपेटीला लावलेले इंजिन

श्रोतेहो, नमस्कार. आज ज्या गाण्याविषयी बोलायचे आहे ते अमेरिकन गायक रॉब झॉम्बी याचे १९९८ सालचे 'ड्रॅगुला'. या नावात दोन शब्द एकमेकांत मिसळलेले आहेत. एक अर्थातच काउंट ड्रॅक्युला. आणि दुसरा 'ड्रॅग', म्हणजे दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करून सुमारे चारशे मीटरच्या सरळ पट्ट्यावर सुसाट सोडण्याची अमेरिकेतली शर्यत.

ही कोटी मात्र झॉम्बीची नव्हे. १९६४ ते १९६६ या काळात अमेरिकन दूरचित्रवाणीवर 'द मन्स्टर्स' नावाची विनोदी मालिका चालत असे, आणि तिच्यातले कुटुंब दिसायला भुताखेतांचे असले तरी वागायला अगदी चारचौघांसारखे होते. एका भागात हर्मन हा कुटुंबप्रमुख घरची गाडी शर्यतीत हरतो, आणि ती परत मिळवण्यासाठी पिशाच्च असलेले आजोबा एक नवीच गाडी तयार करतात. तीच ही ड्रॅगुला. तिचा सांगाडा म्हणजे फायबरग्लासची शवपेटी, तिला जोडलेले फोर्डचे व्ही-एट इंजिन, धूर सोडायला ऑर्गन वाद्याच्या नळ्या, आणि पुढच्या बाजूला एक थडग्याचा दगड, ज्यावर जन्मसाल १३६७ कोरलेले असून मृत्यूच्या जागी नुसते प्रश्नचिन्ह आहे! हे गाणे ज्यात मोडते ते हेवी मेटल, म्हणजे खरखरीत गिटारचे दणदणीत रॉक संगीत, ही सैतानाची उपासना आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हा दगड एकदा डोळ्यांसमोर आणावा.

गाण्याची सुरुवात होते ती एका खर्जातल्या आवाजाने. अंधश्रद्धा, भय आणि मत्सर या अर्थाचे तीन शब्द तो उच्चारतो. हा आवाज ब्रिटिश अभिनेते ख्रिस्तोफर ली यांचा असून तो 'द सिटी ऑफ द डेड' या १९६० च्या ब्रिटिश भयपटातून उचललेला आहे. मोजक्या चाहत्यांनी वर्षानुवर्षे जिवापाड जपलेल्या चित्रपटांना कल्ट म्हणतात, त्यांतलाच हा एक. चित्रपटाची सुरुवात चेटकीण ठरवलेल्या एका स्त्रीला जाळण्याच्या दृश्याने होते, आणि झॉम्बीच्या ध्रुवपदातही गाडी चेटकिणींना जाळत पुढे जाते. चित्रपटातले काल्पनिक गाव अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातले आहे, चित्रीकरण इंग्लंडमधले, आणि झॉम्बीचा जन्म मात्र खरोखरच मॅसॅच्युसेट्सचा, १९६५ सालचा.

संगीत कसे आहे, तर खालच्या पट्टीत उतरवलेली, खरखरीत गिटार आणि तिच्याखाली कारखान्यातल्या यंत्रासारखा न थकणारा ठेका. गिटारवादनाची कसरत ऐकू पाहणाऱ्याची इथे निराशा होईल. माझ्या मते तो दोष नाही, कारण सरळ रस्त्यावरच्या शर्यतीत वळणे नसतात. एकदा पाय दाबला की शेवटपर्यंत तो उचलायचा नसतो, आणि हे गाणे नेमके तसेच धावते.

एक गंमत सांगायची राहिली. गाण्याच्या व्हिडिओत झॉम्बी गाडी चालवताना दिसतो, पण ती गाडी ड्रॅगुला नव्हे. ती आहे मन्स्टर कोच, म्हणजे जी हर्मन शर्यतीत हरला होता आणि जिच्यासाठी आजोबांनी शवपेटीला चाके लावली होती, तीच घरची गाडी.