आंब्याखालचे बारा महिने

एप्रिलचा दुसरा आठवडा, पुण्यातलं एक परसदार. आंब्याखालची जमीन कोरडी ठक्क, आणि त्या मातीतून थेट भुईचाफा वर आलाय. पान नाही, उंच दांडा नाही. पांढऱ्या पाकळ्या, मधे जांभळी, आणि वाकल्याशिवाय न कळणारा वास. फूल एक-दोन दिवसांचंच, पण गड्डा जुना असेल तर मागून दुसरं तयार असतं.

सावलीत काही येत नाही म्हणून लोक झाडाच्या फांद्या उतरवतात. त्याची काही गरज नाही. इथे वर्षभराचा रंग पानांवर धरायचा आणि फुलं पाळीपाळीने येऊ द्यायची.

आधी उजेड बघू. भर दुपारी पांढऱ्या कागदावर फूटभर उंचीवर हात धरा. सावली पुसट, पण बोटं ओळखू येतात? मग अॅग्लोनिमा, कॅलेडियम ही रंगीत पानांची झाडं आणि भुईचाफा खुशाल लावा. सावली उमटलीच नाही, तर तिथे नेचे बरे. क्रोटन मात्र आत नको, त्याचे रंग उडून तो हिरवा पडतो.

आता लावणी करणारे हे हात बघा. हातात खुरपं आहे, कुदळ नाही. आंब्याची अन्न घेणारी बारीक मुळं बरीचशी वरच्या थरातच असतात. सलग वाफा खणला की ती तुटतात आणि झाड खंगतं. म्हणून वीतभर रुंद, वीतभर खोल असे सुटे खळगे घेतलेत. अंगठ्याएवढं मूळ लागलं की खळगा बाजूला सरकवायचा. भरायला दोन भाग माती, एक भाग मुरलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. खोडाभोवती दोन फूट जागा मोकळी ठेवायची. तिथे मातीची भर घातली तर साल कुजते.

भुईचाफ्याचे गड्डे फेब्रुवारी-मार्चमध्ये, झोपेत असतानाच फोडायचे आणि दोन बोटं खोल लावायचे. हिवाळ्याच्या तोंडावर पानं पिवळी पडली की पाणी तोडा. कंद कुजतात ते बहुतेक या झोपेतल्या पाण्यानेच. जागेवर काडी रोवून ठेवा, नाहीतर जानेवारीत नेमकं तिथेच खुरपं चालतं.

पावसाळा. भुईचाफ्याचं पान उलटून बघा, खालून वांगी रंगाचं आहे. शेजारी गुलाबी कॅलेडियम. कडेला, सकाळचं दोन-तीन तास ऊन लागतं तिथे, सोनटक्का. त्याच कडेला अबोली जवळजवळ वर्षभर फुलते, आणि थंडीत कोरांटी. रानहळद हवी असेल तर कंद रोपवाटिकेतून घ्या, घाटातून उपटून आणू नका.

गोगलगायी रात्री पानं खातात. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट पसरायचं, सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या.

आणि हा मोहर. त्यावरच्या तुडतुड्यांचा चिकटा खाली ठिबकतो. हे अॅग्लोनिमाचं पान जवळून बघा, चकाकतंय ते पाणी नव्हे. दिवस गेले की त्यावर काळी बुरशी धरते आणि पानाला उजेड मिळत नाही. मोहर असेपर्यंत आठवड्यातून एकदा ओलं फडकं, पानाखाली तळहाताचा आधार देऊन, देठाकडून टोकाकडे. फडकं काळं होतं, आणि पानाची लाल कड पुन्हा दिसायला लागते.