परीक्षेच्या आधीचा बुधवार

नमस्कार श्रोतेहो. २२ एप्रिल आला की वसुंधरा दिनाचे मेसेज फिरायला लागतात, पोस्टर लागतात, भाषणं होतात. पण हा दिवस सुरू कुठून झाला आणि तारीख २२ एप्रिलच का, हे विचारलं तर बरेच जण गप्प होतात. मला ही गोष्ट सांगायला फार आवडते, म्हणून आज तीच घेऊन आलोय.

गोष्ट अमेरिकेतली आहे. १९६९ चा जानेवारी, कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या समुद्रात तेलाच्या विहिरीतून गळती सुरू झाली आणि अंदाजे ३० लाख गॅलन कच्चं तेल पाण्यात गेलं, किनारा काळा पडला, हजारो पक्षी मेले आणि तेलात माखलेले ते पक्षी लोकांनी घरात बसून टीव्हीवर बघितले. गावातली माणसं वाळूवर गवताचा पेंढा पसरून तेल टिपत होती. त्याच वर्षी जूनमध्ये क्लीव्हलँड शहरातली कायाहोगा नदी पेटली. हो, नदीच पेटली, कारण पाण्यावर तेलाचा तवंग आणि कचरा इतका साचला होता. आणि खरं वाईट वाटतं ते पुढे, की ही आग अर्ध्या तासात विझली, कुणाला धड फोटोही मिळाला नाही, मग एका मोठ्या मासिकाने त्याच नदीच्या १९५२ च्या आगीचा फोटो छापला. म्हणजे आधीची आग याहून मोठी होती, नदी आधीही अनेकदा पेटली होती, पण तेव्हा देशाने मनावर घेतलं नव्हतं! १९६९ ला घेतलं, कारण मधल्या काळात रेचल कार्सन यांच्या कीटकनाशकांवरच्या पुस्तकाने लोक विचार करायला लागले होते, आणि १९६८ च्या डिसेंबरमध्ये अपोलो ८ च्या अंतराळवीरांनी चंद्राजवळून काढलेला पृथ्वीचा तो निळा फोटोही सगळ्यांनी पाहिला होता.

विस्कॉन्सिनचे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन, हा माणूस कितीतरी वर्षं संसदेत पर्यावरण पर्यावरण म्हणून ओरडत होता आणि फारसं कुणी ऐकत नव्हतं. ते सांता बार्बराला जाऊन तो किनारा बघून आले. त्या काळात व्हिएतनाम युद्धाविरुद्ध कॉलेजांमध्ये टीच-इन चालायचे, म्हणजे मुलं आणि प्राध्यापक एकत्र बसून तासन् तास चर्चा करायचे, त्याबद्दल नेल्सननी प्रवासात वाचलं आणि त्यांच्या मनात आलं, की हेच आपण हवा-पाण्यासाठी का करू नये? सप्टेंबरमध्ये सिएटलच्या एका भाषणात त्यांनी ते जाहीर करून टाकलं, आणि मग पत्रांचा, फोनचा पाऊसच सुरू झाला.

डेनिस हेज नावाचा २५ वर्षांचा हार्वर्डचा विद्यार्थी, तो नेल्सनना भेटायला वॉशिंग्टनला गेला तो फक्त बॉस्टनपुरतं काम मागायला, आणि थोड्याच दिवसांत त्याला विचारणा झाली की अख्ख्या देशाचं काम बघतोस का. त्याने शिक्षण सोडलं आणि आला. जोडीला रिपब्लिकन पक्षाचे पीट मॅक्लॉस्की सह-अध्यक्ष म्हणून होते, नेल्सन डेमोक्रॅट, म्हणजे दोन्ही पक्ष एकत्र. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

तारीख ठरवताना पंचांग बघितलं नाही, कॉलेजांचं वेळापत्रक बघितलं. वसंताची सुट्टी संपलेली आणि परीक्षा अजून यायच्या, त्यात आठवड्याचा मधला वार म्हणजे मुलं गावी गेलेली नसणार, असा हिशोब करून बुधवार, २२ एप्रिल १९७०. नाव आधी लांबलचक होतं, राष्ट्रीय पर्यावरण टीच-इन वगैरे. जाहिरात क्षेत्रातले ज्युलियन कोनिग मदतीला आले आणि त्यांनी अर्थ डे सुचवलं, बर्थडेशी यमक जुळणारं, आणि २२ एप्रिल हा त्यांचा स्वतःचा वाढदिवसही होता!

आणि मग तो दिवस. दोन कोटी माणसं बाहेर पडली. तेव्हा अमेरिकेची लोकसंख्या साधारण २० कोटी, म्हणजे दहातला एक माणूस. न्यूयॉर्कमध्ये फिफ्थ ॲव्हेन्यूचा मोठा भाग गाड्यांसाठी बंद करून माणसांसाठी मोकळा केला होता. हजारो शाळा, दोन हजारांच्या आसपास कॉलेजं. आणि वरून हुकूम कुठलाच नव्हता, नेल्सननी मुद्दामच सगळं स्थानिक लोकांवर सोडलं होतं, ज्या गावाला जे दुखतंय त्यावर त्या गावाने बोलावं, कुठे नदी, कुठे कारखान्याचा धूर, कुठे कीटकनाशकं. माझ्या मते हा दिवस टिकला तो यामुळेच.

पण लोक मोर्चा काढून घरी जाऊन बसले नाहीत. हेज आणि त्याच्या साथीदारांनी त्याच वर्षीच्या निवडणुकीत पर्यावरणाविरुद्ध मत देणाऱ्या १२ खासदारांची यादी काढली, त्यातले ७ पडले. मग मात्र राजकारण्यांना कळलं. डिसेंबर १९७० मध्ये पर्यावरण संरक्षण संस्था म्हणजे ईपीए सुरू झाली, महिनाअखेरीस स्वच्छ हवेच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सननी सही केली. १९७२ ला स्वच्छ पाण्याचा कायदा आला, तो निक्सननी नाकारला होता तरी संसदेने पुन्हा मत घेऊन तो पास करून घेतला. १९७३ ला धोक्यातल्या प्राण्यांसाठी कायदा. तीन वर्षांत एवढं सगळं!

मधली काही वर्षं जोर ओसरला. १९९० ला हेज पुन्हा या कामाला लागले आणि या वेळी १४१ देशांत २० कोटी लोक सामील झाले, रिसायकलिंग हा शब्द घराघरात गेला. २००९ मध्ये बोलिव्हियाच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनीही २२ एप्रिल हा धरणीमातेचा आंतरराष्ट्रीय दिवस ठरवला. आणि २०१६ मध्ये पॅरिसचा हवामान करार सह्यांसाठी खुला करायचा होता तेव्हा दिवस कुठला निवडला, तर हाच. मुलांच्या परीक्षा सांभाळून ठरवलेल्या त्या तारखेला न्यूयॉर्कमध्ये एका दिवसात १७५ सह्या झाल्या.