जुने सर्फबोर्ड पाण्यात का घालायचे

मित्रहो, होनोलुलूच्या बिशप म्युझियममध्ये अबनर पाकी या हवाईच्या सरदाराचे जुने सर्फबोर्ड जपून ठेवले आहेत. पाकी १८५५ साली वारले. ते म्युझियम उभं राहिलं तेच त्यांच्या मुलीच्या, बर्निस पौआही बिशप यांच्या स्मरणार्थ. हे बोर्ड ‘ओलो’ प्रकारचे, म्हणजे खास सरदार घराण्यांचे. लांबलचक, जाड आणि वजनाला प्रचंड. सर्वसामान्य लोक ‘अलाया’ वापरायचे. अलाया पातळ असायची, कोआच्या नाहीतर नीरफणसाच्या लाकडाची. हो, कोकणात आपण ज्याची कापं तळतो तोच नीरफणस. वरून कुकुईच्या बियांचं तेल चोळत.

१९२० च्या दशकात टॉम ब्लेक नावाचा अमेरिकन जलतरणपटू तिथे आला. पाकींचे बोर्ड दुर्लक्षित पडले होते. त्याने ते दुरुस्त केले, मग त्याच घाटाचा आपला एक बोर्ड केला आणि तो घेऊन समुद्रात उतरला. वजन कमी व्हावं म्हणून त्याने लाकडाला आरपार भोकं पाडली आणि वरून पातळ लाकडाने ती बंद केली. त्यातूनच पुढे पोकळ बोर्ड आला. १९३२ मध्ये त्याला पेटंटही मिळालं. जुन्या वस्तूशी कसं वागावं हे मी ब्लेककडून शिकलो. त्याने मूळ बोर्ड जपला आणि त्याच्यासारखा दुसरा लाटेवर नेला. नुसतं पाहून हे ज्ञान त्याच्या हाती लागलं नसतं.

मी राहतो सिडनीच्या उत्तर किनाऱ्यावर, आणि जुने बोर्ड जमवून ते लाटांवर नेण्याच्या माझ्या छंदासाठी याहून चांगली जागा नाही. शेजारच्या फ्रेशवॉटर बीचवर १९१५ च्या सुरुवातीला हवाईच्या ड्यूक कहानामोकू या जलतरणपटूने शुगर पाइनच्या लाकडी फळीवर उभं राहून दाखवलं. ती फळी आजही तिथल्या सर्फ क्लबात आहे. थोडं आत गेलं की ब्रुकव्हेल हे उपनगर. १९६० च्या आसपास बॅरी बेनेट, गॉर्डन वुड्स, बिल वॉलेस, स्कॉट डिलन यांचे बोर्डांचे कारखाने एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकच्या सुमाराला अमेरिकन लाइफगार्ड बाल्सा या हलक्या लाकडाचे आखूड ‘मालिबू’ बोर्ड घेऊन आले आणि इथल्या लोकांनी आपले लांब पोकळ प्लायवूडचे बोर्ड बाजूला ठेवले. थोड्याच वर्षांत बाल्साच्या जागी फोम आला.

साठच्या दशकातला असा फोमचा बोर्ड हातात आला की मी आधी तो उजेडात आडवा धरतो. फोमवर चढवलेल्या काचेच्या (फायबरग्लासच्या) जाड कापडाला किंचित हिरवट झाक दिसते. मधोमध लाकडाची पट्टी असते, आणि नशीब असेल तर तिच्यावर घडवणाऱ्याने पेन्सिलीने लिहिलेली मापं रेझिनखाली, म्हणजे कापड चिकटवणाऱ्या पारदर्शक राळेखाली, शाबूत असतात. मग मी बोटाने ठोकत जातो. आवाज बद्द आला की तिथे कापड फोमपासून सुटलंय. पाठीवर मधल्या भागात दोन उथळ खळगे असतात. तेव्हा लोक गुडघ्यांवर बसून वल्हवायचे, त्या गुडघ्यांच्या या खुणा. शेपटाकडचं फिन, म्हणजे खालचा कल्ला, बोर्डालाच कायमचं चिकटवलेलं असतं. फिनला कुणी भोक पाडलेलं दिसलं, तर ते बहुधा सत्तरच्या दशकातलं. पायाला बांधायची दोरी तेव्हा आली आणि ती अडकवायला दुसरी जागाच नव्हती.

असे बोर्ड आता कमी का सापडतात, तर १९६७-६८ मध्ये बॉब मॅक्टॅविश हा बोर्ड घडवणारा आणि त्याच्या सोबत्यांनी बोर्ड झपाट्याने आखूड केले. नऊ-साडेनऊ फुटी बोर्ड एका रात्रीत जुनाट ठरले. पोरांनी त्यांच्यावरचं कापड सोलून काढलं आणि आतल्या फोममधून आखूड बोर्ड कापले. सिडनीच्या मॅनली बीचवर १९६४ ची सर्फिंगची जागतिक स्पर्धा ज्या प्रकारच्या बोर्डांवर झाली, त्यांची ही गत चार वर्षांत झाली. मला याचं अजून वाईट वाटतं. वाचले ते गॅरेजच्या छपराला टांगलेले, विसरले गेलेले.

मिळालेला बोर्ड नवा दिसावा म्हणून घासायला जाऊ नका. पिवळेपणा राहू द्या. तडा असेल तिथून पाणी आत जातं आणि फोम कुजतो, म्हणून तडा उघडा ठेवून बोर्ड सावलीत पूर्ण वाळवायचा. घाई केली तर आतली ओल आतच राहते. मग कापड आणि रेझिन लावून तेवढाच भाग बंद करायचा. घासून गुळगुळीत केलेल्या बोर्डावरची पेन्सिलीची अक्षरं गेली, तर ती परत कुणालाही लिहिता येणार नाहीत.

आणि मग तो पाण्यात न्यायचा. वजन बारा-तेरा किलो असतं. त्यामुळे लाट अजून उभी राहिलेली नसतानाच बोर्ड चालू लागतो आणि एकदा चालू लागला की थांबत नाही. आजच्या हलक्या बोर्डासारखा घोट्याच्या झटक्याने तो वळत नाही. पावलावर पाऊल टाकत मागे जावं लागतं, शेपटावर भार द्यावा लागतो, वळण झालं की पुन्हा पुढे चालत यावं लागतं. त्या काळच्या फोटोंतली माणसं बोर्डावर चालताना का दिसतात, ते मला तिथे कळलं. ती नजाकत बोर्डाच्या वजनातूनच आलेली आहे. लाकडी, शंभर वर्षांपूर्वीचे बोर्ड मात्र मी पाण्यात नेणार नाही, कुणी नेऊही नयेत. त्यांची प्रत करावी. ऑस्ट्रेलियातच टॉम वेगनरने पॉलोनिया लाकडाच्या अलाया घडवल्या आणि बिनफिनच्या फळीवर कसं घसरायचं हे लोक नव्याने शिकले.

दोरी नसलेला बोर्ड हातातून सुटला तर सरळ किनाऱ्याकडे धावतो, आणि तिथे लहान मुलं असतात. म्हणून लाटा लहान आणि पाणी रिकामं असेल तेव्हाच.

शेवटचं एक सांगतो. बोर्ड विकत घेताना किमतीच्या आधी विचारा: कुठे घेतला होता, कोण वापरायचं, कोणत्या बीचवर? ब्रुकव्हेलच्या त्या पिढीतले बरेच जण आता नाहीत. विकणाऱ्या घरात अजून एखाद्या आजोबांना हे ठाऊक असतं. ते जे सांगतील ते तिथेच वहीत उतरवून घ्या आणि ती वही बोर्डासोबत ठेवा.