आधी आवाज, मग चित्र
(माहितीपट करू पाहणाऱ्यांसाठी लघु-माहितीपट : निवेदन)

(दृश्य : अंधारी कार्यशाळा. भाता चालतो, निखारे फुलतात. घणाचे आठ-दहा घाव पूर्ण ऐकू द्यावेत, निवेदन त्यानंतर.)

आता तेच घाव पुन्हा ऐकू या, पडदा काळा ठेवून.

(काळा पडदा. तोच आवाज.)

पहिला घाव बद्द वाजला. लोखंड तेव्हा लाल होतं, मऊ होतं. पट्टी निवत गेली तसे घाव चढत गेले, आणि शेवटचा खणखणला. पट्टी परत निखाऱ्यात कधी खुपसायची, हे लोहारकाका रंगावरून ठरवतात, तसंच या आवाजावरूनही. कॅमेऱ्याने ठिणग्या टिपल्या, फार सुंदर टिपल्या. पण काकांच्या कामातलं हे जाणतेपण आपल्यापर्यंत पोहोचलं ते बूमच्या, म्हणजे लांब दांड्याच्या, टोकावरच्या माईकमुळे.

माहितीपट करायचा म्हटलं की बहुतेकजण आधी कॅमेरा बघायला निघतात. आमचा आग्रह वेगळा आहे. हातात असलेला कॅमेरा, अगदी मोबाइलसुद्धा, सुरुवातीला पुरतो. पैसे घाला ते माईकमध्ये, हेडफोनमध्ये आणि ते कानावर घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसामध्ये. चित्र थोडं हललं, थोडं काळवंडलं तरी प्रेक्षक सांभाळून घेतात. समोरचा माणूस काय बोलतोय हेच कळेना झालं, की ते उठून जातात.

(दृश्य : रेकॉर्डिस्ट मुलगी काकांना लेपल माईक (कपड्यावर अडकवायचा छोटा माईक) लावते. वायरचा क्लोजअप.)

तिच्या हातांकडे नीट बघा. आधी तिने काकांना विचारलं, मग माईक लावायला घेतला. जाड कातडी एप्रनखाली माईक गेला तर हात हलला की खरखर होणार. म्हणून तिने एप्रनचा पट्टा जिथे घासणार नाही अशी जागा सदऱ्यावर शोधली, वायरला एक सैल वळसा दिला आणि चिकटपट्टी लावली. वायर ओढली गेली तरी तो झटका माईकपर्यंत जात नाही. बूम वरून येतोय, चौकटीच्या जेमतेम बाहेर. माईक जितका लांब, तितका माणूस कमी आणि खोली जास्त ऐकू येते. झूम करून चेहरा जवळ आणता येतो. आवाज तसा जवळ आणता येत नाही.

(दृश्य : रेकॉर्डरचा पडदा, नाचणारे मीटर.)

मीटरवर शून्य ही सगळ्यात वरची पातळी. बोलण्याची शिखरं त्याच्या खाली, उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवायची, हा सर्वसाधारण नेम. घणाचा घाव मात्र बोलण्याच्या कितीतरी वर जातो, आणि नेहमीच्या डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये शून्याच्या वर जागाच नसते. तिथे आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर धड सांधता येत नाही. म्हणून तिने काकांना आधीच एक दणदणीत घाव घालायला सांगितलं आणि त्यावरून पातळी लावली. त्याच आवाजाचा दुसरा ट्रॅक आणखी खालच्या पातळीवर ठेवला, जोडीला असावा म्हणून. ३२ बिट फ्लोट, म्हणजे शून्याच्या वरचा आवाजही न फाडता साठवणारा, रेकॉर्डर असेल तर ही चिंता बरीच कमी होते, पण माईकच फाटला तर तोही काही करू शकत नाही.

(दृश्य : सगळे निश्चल उभे. भट्टीची धग तेवढी.)

आणि हे, जे नवखे हमखास विसरतात. काम आटोपल्यावर कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, आणि त्या जागेची शांतता मिनिटभर रेकॉर्ड करायची. याला रूम टोन म्हणतात. एडिटमध्ये दोन वाक्यांमधला सांधा बुजवायला हाच कामी येतो.

(दृश्य : जुना टेपरेकॉर्डर. फिरणारी रिळं, सुया, घासून गुळगुळीत झालेली बटणं.)

इथे जरा थांबू या, कारण हे यंत्र आम्हाला मनसोक्त चित्रित करता आलं. माहितीपटाच्या पहिल्या काही दशकांत बाहेर, घडत्या प्रसंगात, चित्राबरोबर आवाज धरणं जवळपास अशक्य होतं. ध्वनिमुद्रणाची यंत्रं अवजड होती, कॅमेरे खडखडायचे. त्यामुळे लोक पडद्यावर दिसायचे आणि त्यांच्याविषयी बोलायचा तो निवेदक. १९५१ मध्ये स्टेफान कुडेल्स्की यांनी नाग्रा हा टेपरेकॉर्डर बनवला. १९५८ मध्ये नाग्रा ३ आला, खांद्याला अडकवून चालता येईल असा. १९६० साली अमेरिकेत रॉबर्ट ड्रू यांच्या चमूने, म्हणजे रिचर्ड लीकॉक, डी. ए. पेनेबेकर, अल्बर्ट मेझल्स यांनी, राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झुंजणाऱ्या केनेडी आणि हम्फ्री यांची विस्कॉन्सिन राज्यातली प्रचारमोहीम गर्दीत शिरून टिपली. सुरुवातीला कॅमेरा आणि रेकॉर्डर एका तारेने बांधलेले असत. पुढे दोन्हीकडे क्वार्ट्झ स्फटिक आले, दोघांचा वेग आपापला नेमका राहू लागला आणि ती तार सुटली. दोन माणसं मोकळी झाली. पडद्यावरचा माणूस आता स्वतःच्या तोंडून बोलू लागला. आमच्या मते माहितीपटाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी घटना हीच.

तेव्हाचं एक बंधन मात्र आजही स्वतःवर घालून घेण्यासारखं आहे. १६ मिलिमीटरचं ४०० फुटी रीळ सुमारे ११ मिनिटांत संपायचं. कॅमेरा कधी सुरू करायचा, हे ठरवावंच लागे. आज कार्ड भरत नाही म्हणून कॅमेरा चालूच राहतो, आणि मग एडिटला बसल्यावर पाहायला तासन् तास निघतात, निवडायला फार थोडं.

(दृश्य : काका पाण्यात पट्टी बुडवतात. वाफ. मंद गती.)

हा शॉट पुन्हा घेतलेला नाही. काकांना दुसऱ्यांदा बुडवायला सांगावं का, यावर चमूत बोलणं झालं होतं. १९२२ च्या ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ या उत्तर कॅनडातल्या इनुइट लोकांवरच्या माहितीपटात रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी इग्लू (बर्फाचं घर) अर्धवट उघडा बांधून घेतला होता, कारण आत कॅमेऱ्यापुरता उजेड नव्हता. शिकारही जुन्या पद्धतीने करून घेतली. त्या लोकांकडे तोवर बंदुका आल्या होत्या. तेव्हापासून हा वाद चालू आहे. आमचं मत सरळ आहे. रोजचं काम पुन्हा करायला सांगता येतं, काम करणाऱ्याची हरकत नसेल तर. जे तो करतच नाही, ते करायला सांगू नये.

(दृश्य : मुलाखत. काका स्टुलावर. खिडकीचा उजेड एका गालावर.)

प्रश्न विचारणारी कॅमेऱ्याच्या अगदी कडेला, काकांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसली आहे. ‘तुम्हाला हे काम आवडतं का?’ असं विचारलं असतं तर ‘हो’ आलं असतं आणि संपलं असतं. तिने विचारलं, ‘काका, पहिल्यांदा हातात घण घेतला तो दिवस सांगा ना.’ उत्तर प्रश्नासकट द्या, एवढं आधी सांगून ठेवलं होतं, म्हणजे तिचा आवाज काढून टाकला तरी वाक्य अर्धं राहत नाही. आता उत्तर संपलंय. ती गप्प आहे. बघत राहा.

(सहा-सात सेकंद काहीही नाही. काका परत बोलू लागतात.)

संमतिपत्रावर सही शूटिंगच्या आधीच घेतलेली असावी, आणि पूर्ण झालेला माहितीपट आधी काकांना दाखवावा.

(दृश्य : एडिटची खोली. टाइमलाइन. कागदावर लिहिलेल्या ओळी.)

एडिटला बसण्याआधी फुटेजच्या तीन प्रती करा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. मग सगळ्या मुलाखती शब्दशः उतरवून घ्या. आमची एडिटर पहिली जुळणी चित्र न बघता करते. फक्त आवाज. गोष्ट ऐकताना उभी राहिली तरच ती चित्रं वर ठेवते. इथे बघा, काका पडद्यावर येण्याआधीच त्यांचं वाक्य सुरू होतं, घणाच्या शॉटवरून. याला जे-कट म्हणतात. उलट, वाक्य चालू असताना चित्र पुढच्या शॉटवर गेलं तर तो एल-कट. निवेदन सर्वांत शेवटी लिहा, आणि काकांच्या तोंडी जे आलं आहे ते निवेदनातून गाळा.

(दृश्य : एडिटर मोबाइल कानाशी धरून ऐकते.)

फाइल पाठवण्यापूर्वी एकदा मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, कारण बरेच प्रेक्षक तिथेच ऐकणार आहेत. संगीताखाली काकांचा एक शब्द जरी बुडत असेल, तर टाइमलाइन परत उघडा आणि संगीत खाली घ्या.