स्प्लिटरचा दाब चॅसिसवर पोचला पाहिजे

वागळे इस्टेट आणि तुर्भ्याच्या गॅरेजांतून आलेल्या तुम्हा मंडळींना वेल्डिंग किंवा सस्पेन्शन मी शिकवायला नको. आज बोलायचंय ते फक्त स्प्लिटरविषयी, म्हणजे बंपरच्या खालच्या कडेतून पुढे आलेल्या सपाट फळीविषयी. आपल्याकडे ती बहुतेक वेळा शोभेसाठी बंपरला स्क्रू मारून लावतात, आणि ते मला मनापासून खटकतं.

समोरची हवा बंपरवर आदळून मंदावते, तिथला दाब वाढतो आणि फळीच्या वरच्या अंगावर बसतो. खालची हवा अरुंद फटीतून वेगाने निघते, तिथला दाब उतरतो. या दोन्हींमुळे पुढची चाकं रस्ता घट्ट धरतात. हा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १८० किलोमीटरला समोरच्या हवेचा दाब चौरस मीटरला सुमारे १५० किलो भरतो, तर ६० ला जेमतेम १७. तेव्हा पाम बीच रोडवर सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या गाडीला याचा उपयोग जवळजवळ नाहीच. ही वस्तू ट्रॅकची आहे: चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, कोइमतूरचं कारी, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट.

म्हणून ती काढता-घालता येईल अशीच बसवा. भारतीय रोड काँग्रेसच्या मानकात गतिरोधकाची उंची १० सेंटीमीटर आहे, आणि सोसायट्यांच्या दारात त्याहून उंच नि उभेही भेटतात. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ५२ आहे: निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी न जुळणारा बदल रस्त्यावरच्या गाडीत करता येत नाही. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा.

आता जोडणी. बंपर हे पातळ प्लास्टिक. त्याला टांगलेली फळी वेगात खाली वाकते आणि दाब चाकांपर्यंत पोचतच नाही. फळीची मागची कड सबफ्रेमला किंवा क्रॉस मेंबरला, म्हणजे चॅसिसच्या पुढच्या लोखंडी सांगाड्याला किंवा त्यातल्या आडव्या तुळईला, बोल्टने धरा. पुढची कड बंपरमागच्या लोखंडी बीमपासून टर्नबकलच्या, म्हणजे फिरवून लांबी कमी-जास्त करता येणाऱ्या, सळयांनी तोला. फळी चांगल्या बर्च प्लायवूडची चालते. मात्र कडा रंगाने बंद करा, आपल्या पावसात उघडं प्लाय टिकत नाही. बंपर आणि फळी यांच्यामधली फट रबरपट्टीने बुजवा. फट राहिली की वरचा दाब खाली निसटतो आणि सगळी मेहनत वाया जाते. सगळं झालं की चाकं जमिनीवर असताना पुढच्या कडेवर उभे राहा. फळी वाकता कामा नये, गाडीचं नाक दबलं पाहिजे.

मापं घ्यायची ती सपाट फरशीवर, टायरमध्ये ट्रॅकवरचीच हवा भरून आणि सीटवर चालकाइतकं वजन ठेवून. डावी-उजवी उंची सारखी करा. मग पुढची कड मागच्यापेक्षा वर नाही ना, ते बघा. वर असेल तर हवा फळीखाली शिरून नाक उचलते. समपातळी किंवा किंचित पुढे झुकलेली ठीक. उंचीची सुरुवात वरून करा आणि थोडीथोडी उतरवा. जमिनीजवळ जाईल तसा जोर वाढतो, पण एका मर्यादेपर्यंतच. त्याखाली फळी नि जमीन यांमधली फट गुदमरते आणि जोर एकदम सुटतो. ब्रेक दाबला की नाक आणखी खाली येतं, म्हणून ही मर्यादा नेमकी वळणाच्या तोंडाशी गाठली जाते, आणि पुढची पकड सर्वांत जास्त लागते तीही तिथेच. उभ्या गाडीचं माप पुरत नाही, ब्रेकखालची उंची धरून चाला.

पुढे पकड वाढली की मागचं बघावंच लागतं. मागे विंग, म्हणजे गाडीची मागची बाजू हवेने खाली दाबणारा पंख, नसताना मोठा स्प्लिटर लावलात तर वेगवान वळणात शेपूट सुटते, म्हणजे मागची चाकं पकड सोडून घसरतात. चालकाला एकच प्रश्न विचारा: शेपूट कुठे सुटते? फक्त वेगवान वळणात सुटत असेल तर हवेचा तोल बिघडलाय. विंगचा कोन वाढवा किंवा फळी मागे घ्या. मंद वळणातही सुटत असेल तर स्प्लिटरला हात लावू नका. टायर, अँटीरोल बार (वळणात गाडी कलू न देणारी सळई), चाकांचं अलाइनमेंट तपासा. हा फरक न करता लोक दिवसभर टर्नबकल फिरवत बसतात.

पहिल्या दोन-तीन फेऱ्या झाल्या की गाडी आत घ्या, टर्नबकलचे लॉकनट पुन्हा आवळा आणि फळी खालून बघा. पूर्ण रुंदीवर ओरखडे असतील तर उंची वाढवा. एकाच कोपऱ्यावर असतील तर त्या बाजूची सळई आणि स्प्रिंग दोन्ही तपासा.