मार उक्वाचे पाय

मागे ऐकू येतंय ना? बरं. पत्रिकेत विषय छापलाय 'ज्यू परंपरेत प्रत्येक माणसाचं मोल'. आता अलिबागेत उभं राहून ज्यू म्हणजे कोण हे मी सांगायचं म्हणजे आगाऊपणाच, इस्रायल आळी इथे, नवगाव इथे, शनिवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे कोकणातले बेने इस्रायल ज्यू, हा शब्द तुम्ही आजीच्या तोंडून ऐकलेला, आणि शेजारच्या ज्यू घरचा मलिदा खाल्लेले तर या हॉलमध्ये नक्की असतील. त्यामुळे ओळख वगैरे स्किप, थेट मिश्नातल्या, म्हणजे रब्बींच्या, ज्यू धर्मपंडितांच्या, नियमांच्या जुन्या संग्रहातल्या, त्या प्रसिद्ध उताऱ्यावर येतो. म्हणजे येणारच आहे, पण त्याआधी एक गोष्ट.

गोष्टीआधी माझं म्हणणं काय ते ऐका. 'प्रत्येक माणूस मोलाचा' हे वाक्य बोलायला फुकट असतं. कुठल्याही धर्माच्या कुठल्याही माणसाला विचारा, तो मान डोलावून हेच सांगणार आणि वर दोन श्लोक ऐकवणार. विचारायचं ते वेगळंच, की बाबा, त्या मोलापायी दुसऱ्या कोणाला काय सोसायला लावलंयत? गैरसोय कोणाची केलीत? तालमूदमधले, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या मोठ्या ग्रंथातले, रब्बी मला आवडतात ते यासाठी, ते मोठमोठं बोलत नाहीत असं नाही, बोलतात, पण लगेच कोणाच्या तरी अंगावर काम टाकतात.

तर मार उक्वा. बॅबिलोनिया, म्हणजे आजचा इराक, तिसरं शतक. समाजातलं बडं प्रस्थ, विद्वान, न्यायाधीश. त्याच्या शेजारात एक गरीब माणूस, आणि हा रोज त्याच्या दाराच्या खोबणीत, जिथे दाराचा खुंटा फिरतो ना, तिथे चार झूझ टाकून जायचा. झूझ म्हणजे चांदीचं नाणं. नाव नाही, गाव नाही, टाकलं की चालू पडला. एक दिवस त्या गरिबाला वाटलं, बघू तरी कोण आहे हा देवमाणूस. नेमका त्याच दिवशी मार उक्वाला अभ्यासघरात उशीर झालेला आणि बायको सोबत होती. दोघं दारापाशी वाकलेत, आतून दार हललं, आणि हे दोघं पळत सुटले! न्यायाधीश! देणारा पळतोय आणि घेणारा मागे. पळता पळता समोर एक तंदूर दिसला, निखारे नुकतेच बाहेर ओढलेले, तर दोघं त्यात उतरले. आता निखारे काढले म्हणून तंदूर काय लगेच गार होतो का, याचे पाय भाजायला लागले. बायको म्हणाली, अहो, पाय उचला आणि माझ्या पायांवर ठेवा. तिचे भाजत नव्हते! याला वाईट वाटलं, की आपलं पुण्य कमी पडलं. ती म्हणाली, मी घरात असते, दारी आलेल्याला मी शिजवलेलं देते, ते तो तिथेच खातो, तुमचे पैसे घेऊन त्याला आधी बाजारात जावं लागतं.

(हसू नका, घरी जाऊन सांगा ही गोष्ट, जेवण गरम मिळेल.)

पण पळाले का? तालमूद स्वतःच हा प्रश्न विचारतं, आणि उत्तर देतं की चारचौघात माणसाला लाज आणण्यापेक्षा पेटत्या भट्टीत उडी घेतलेली बरी. हे कुठून काढलं तर तामारवरून. बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकात या विधवेला सासऱ्यापासून, यहूदापासून, दिवस गेलेले असतात, तिला जाळायला नेत असतात तरी ती यहूदाचं नाव पुकारत नाही, त्याच्या वस्तू फक्त पाठवून देते, की ह्या ज्याच्या आहेत त्याचं हे मूल. त्याला कबूल करायचं असेल तर करू दे.

आता इथे मला माझं एक गाऱ्हाणं मांडू द्या, संयोजक घड्याळ बघतायत पण मांडू द्या. आमच्या नात्यातल्या एका लग्नात, हॉलचं नाव सांगत नाही, आहेर माईकवरून पुकारत होते. अमुक यांजकडून पाच हजार एक, तमुक यांजकडून ताटवाटी, आणि मग माझ्या शेजारी बसलेल्या एका बाईंचं नाव आलं, पुढे एकावन्न रुपये. त्या बाई वऱ्हाडात सगळ्यात आधी येऊन पोळ्या लाटायला बसल्या होत्या. माईकवाल्याने आवाज जरासुद्धा बदलला नाही, वाईट हेतू कोणाचाच नव्हता, पण त्या बाई जेवायला थांबल्या नाहीत. आणि त्या हॉलमध्ये एकालासुद्धा तंदूरमध्ये उतरावंसं वाटलं नाही, मी धरून.

आता हाच प्रकार यांच्याकडेही होता बरं का, म्हणूनच नियम झाले. तालमूद लिहून ठेवतं की पूर्वी सुतकाच्या घरी जेवण न्यायचं तर श्रीमंत लोक सोन्याचांदीच्या टोपल्यांतून न्यायचे आणि गरीब सोललेल्या काठ्यांच्या टोपल्यांतून, गरिबांना ओशाळं व्हायचं, म्हणून ठरलं, सगळ्यांनी काठ्यांच्याच टोपल्या न्यायच्या. श्रीमंत मयताचा चेहरा उघडा ठेवायचे, गरिबाचा झाकायचे कारण दुष्काळात तो काळवंडलेला असायचा, तर ठरलं की सगळ्यांचेच झाका. कळतंय का, गरिबाला वर उचलायला निधी वगैरे काढला नाही, श्रीमंताला खाली बसवला. आणि मयताचा खर्च तर इतका वाढला होता की नातेवाईक मढं टाकून पळून जायचे, शेवटी रब्बान गमलिएल, एवढा मोठा नेता, त्याने सांगून ठेवलं की मला साध्या तागाच्या कपड्यात न्या. तेव्हापासून सगळेच तसे जायला लागले. पुढे रब्बी पापा म्हणतो की आता तर एका झूझचं कापडही चालतं.

आणि दुसरं टोक बघा. हिल्लेल, जुन्या काळचा मोठा गुरू. चांगल्या घराण्यातला एक माणूस गरीब झाला, तर हिल्लेलने त्याला बसायला घोडा आणि पुढे धावायला नोकर दिला, कारण पूर्वी त्याच्याकडे ते होतं आणि शास्त्र म्हणतं, त्याला जे कमी पडतं ते दे. एक दिवस नोकर मिळेना तर हिल्लेल स्वतः त्याच्यापुढे तीन मिल धावला, म्हणजे तीनेक किलोमीटर. आपल्या ट्रस्टचा ऑडिटर हे व्हाउचर पास करेल का? मी पण केलं नसतं कदाचित. पण मला तो धावताना दिसतो आणि बरं वाटतं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. अरेरे. बरं, मुख्य विषय पटापट.

मिश्ना, साधारण इसवी सन 200, सनहेद्रिन नावाचा भाग. 'एक जीव घालवला त्याने अख्खं जग घालवलं, एक वाचवला त्याने अख्खं जग वाचवलं', हे तुम्ही पोस्टरवर वाचलंय. पण ते कोणाला सांगितलंय ते पोस्टरवर नसतं. ते सांगितलंय साक्षीदाराला, मृत्युदंडाच्या खटल्यात, त्याला घाबरवायला! की पैशाच्या खटल्यात खोटं बोललास तर भरपाई देऊन सुटशील, इथे त्या माणसाचं आणि त्याच्या न जन्मलेल्या वंशजांचं रक्त तुझ्या माथी. म्हणजे ज्याचं मोल चाललंय तो संत नाही, आरोपी आहे, कदाचित खुनीसुद्धा असेल. पुढे म्हणतात, आदम, पहिला माणूस, एकटाच का घडवला, तर कोणी कोणाला म्हणू नये की माझा बाप तुझ्या बापापेक्षा मोठा. आणि माणूस एका ठशाने शंभर नाणी पाडतो ती सगळी सारखी निघतात, देवाने सगळे आदमच्या ठशाने पाडले आणि एकही दुसऱ्यासारखा नाही.

काही छापील प्रतींत 'इस्रायलमधला एक जीव', म्हणजे फक्त ज्यू, असं आहे हे खरं, जुन्या महत्त्वाच्या हस्तलिखितांत तो शब्द नाही, आणि आदम कुठे ज्यू होता?

रावा नावाच्या रब्बीकडे एक जण आला, म्हणाला, गावचा हाकीम म्हणतो अमक्याला मार नाहीतर तुला मारतो. रावा म्हणाला, मर, पण मारू नकोस, तुझं रक्त जास्त लाल आहे हे कोणी सांगितलं? आणि रब्बी अकिवा म्हणतो, शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर हे मोठं तत्त्व, तर बेन अझ्झाई नावाचा दुसरा विद्वान म्हणतो, आदमची वंशावळ सांगणारं वाक्य त्याहून मोठं, नाहीतर माणूस म्हणेल माझा अपमान झाला, आता याचाही होऊ दे.

पाळलं का सगळं? नाही. तुमच्या शेजाऱ्यांनाच विचारा. मुंबईत बगदादी, म्हणजे इराककडून आलेल्या, ज्यूंनी स्मशानात बेने इस्रायल आणि आपल्यामध्ये भिंत घालून द्या म्हणून सरकारकडे अर्ज केला होता. बेने इस्रायलमध्येच गोरे आणि काळे, लग्नव्यवहार नाही. 1962 साली इस्रायलच्या रब्बिनेटने, म्हणजे तिथल्या अधिकृत धर्मपीठाने, बेने इस्रायलांच्या लग्नाआधी आईकडच्या पिढ्या तपासायचा नियम काढला, नवगावची माणसं जेरुसलेमच्या रस्त्यावर उतरली, आणि 1964 च्या ऑगस्टमध्ये संसदेने ठरवलं की हे सर्व बाबतीत बरोबरीचे ज्यू आहेत, मग रब्बिनेटने नियमातून 'बेने इस्रायल' हा शब्द काढला.

कोचीनचे सालेम वकील राहिलेच, आपल्याच सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, अशाच भेदभावाविरुद्ध सत्याग्रह करणारे. चहाला विचारा कोणीतरी.